हिरव्याखालचा लाल

८ जानेवारी

ताई,

फोनवर आपण बोलायला लागलो की तिसऱ्या वाक्याला भांडण आणि चौथ्याला तू फोन आपटतेस, म्हणून तुझ्याच हुकमाप्रमाणे कागद घेऊन बसलोय. कागद आपटता येत नाही. फाडता येतो, पण त्याआधी वाचावा लागतो.

पहिली बातमी: मी कॉलेजात परत जाणार नाही. दुसरी: मी मजेत आहे. तिसरी: दुसरी बातमी खोटी आहे.

सध्या तुझ्या बाबांच्या हाताखाली हापसे उघडतोय. वस्तीत एक नवा बोअरवाला आलाय, मोठी गाडी, मोठा आवाज, पाण्याबरोबर छापील हमी. मामांना ते झोंबलंय. म्हणून त्यांनी ठरवलंय, आपण मारलेले सगळे जुने हापसे उघडायचे, वायसर बदलायचे, घासून नवा हिरवा रंग द्यायचा. फुकट! मामी म्हणाली, "फुकटचं काम करायला भाचा बरा सापडला." मी म्हटलं, "मामी, मी शिकतोय." ती म्हणाली, "हो ना, कॉलेजात शिकायचं राहिलंच होतं."

पण मामांचा तो पहिला पेला मात्र अजून बघण्यासारखा. परवा बेकरीमागच्या घरी बोअर लागला. गढूळ पाणी वाहून गेलं, नितळ आलं, घरच्या बाईंनी स्टीलचा पेला घासून आणला. मामांनी भरला, उन्हात धरला, सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि एका दमात खाली. मग म्हणाले, "घ्या. गोड आहे." त्यानंतरच घरातल्यांनी ओंजळी लावल्या. इतर लोक कागदावर हमी देतात, मामा घशावर देतात. आता तर त्यांना हाकच 'पहिला पेला' अशी मारतात.

आणि काम किती पक्कं बघ. मागच्या गल्लीतला हापसा तारेच्या ब्रशने घासत होतो, तर हिरव्याखाली लाल निघाला. विचारलं, "मामा, हे काय?" म्हणाले, "प्रायमर." जिथे कुणाला दिसणार नाही तिथेही एक हात जास्तीचा. याला म्हणतात कारागीर.

आता खरं दुखणं. हसू नकोस. शिवणाच्या दुकानात काजं-बटणं करणारी एक मुलगी आहे. मी मनात तिला 'सुई' म्हणतो. मागच्या गल्लीतच राहते. दिवाळीच्या... नाही, ते सोड, कधीपासून ते सांगणार नाही, तू लगेच कॉलेजच्या तारखांशी ताडून बघशील. आधी ती माझ्याशी हसून बोलायची. आता तिला रिळाचा डबा द्यायला हात पुढे केला की म्हणते, "तिथे ठेव." टेबलावर! मी काय करंट मारतो? भर उन्हात बाह्या पार बोटांपर्यंत ओढून बसते आणि माझ्याकडे बघत नाही. दुसरं कुणी असेल का? तू बाई आहेस, तूच सांग.

मामांचे हात आता नुसते पॉलिश पेपर झालेत. परवा कौतुकाने पाठीवरून फिरवला तर शर्टाचा धागा ओढला गेला.

तुझा,
तडतड्या


१७ जानेवारी

तडतड्या,

पत्र पोचलं. फाडलं नाही. तू कॉलेज तत्त्वासाठी सोडलंस असं मला फोनवर दीड तास ऐकवलं होतंस. तत्त्व काजं-बटणं करतं हे आज कळलं.

माझं बरं आहे. सहा महिन्यांपासून मला त्वचारोगाच्या वॉर्डात टाकलंय. काम जास्त, पण माणसं मरत नाहीत लगेच, एवढंच सुख. ज्या नर्सला कुणी ओरडलं तरी राग येत नाही, तिला इथे पाठवतात, असं आमची मोठी सिस्टर म्हणते. तिने आपलं घराणं पाहिलेलं नाही.

काही गोष्टी विचारते. नीट बघून उत्तर दे, मनातलं घालू नकोस.

तो लाल सगळ्या हापशांखाली आहे का काहींच्याच? अख्ख्या हापशाला आहे का एखाद्याच भागाला? आणि लाल कसा? प्रायमर विटकरी असतो, हे तुला मी सांगायला नको.

बाबांच्या तळहाताला नुसता घट्टा आहे, का खडे भरल्यासारखे दाणे आहेत? तळपायाला? छातीवर, पाठीवर ठिपके? उघडे बसले की बघ. विचारू नकोस, चिडतील.

आणि तुझ्या सुईला तू रागाने बघतोस का? बघत असशील तर बंद कर. कारण नंतर सांगेन.

आई काय म्हणते? बाबांना जेवण जातं का?

ताई


२९ जानेवारी

ताई,

तू नर्स आहेस की पोलीस? मी मन मोकळं करतो आणि तू रंगाची चौकशी करतेस.

घे उत्तरं. लाल काहींनाच आहे. मागच्या गल्लीतल्याला, शाळेजवळच्याला, पिठाच्या गिरणीसमोरच्याला नाही पण तिच्या मागच्याला आहे, असं. अंगणातल्या आपल्या हापशाला आहे. अख्ख्याला नाही, नुसत्या तोटीला आणि डोक्याला. आणि तू म्हणतेस तसा विटकरी नाही, चांगला भडक आहे, नवरीच्या ओठासारखा. मामांकडे तेव्हा तोच डबा पडला असेल. आता झालं समाधान?

मामांच्या हाताला दाणे आहेत. पायालाही, चप्पल टोचते म्हणतात. छातीवर काळे-पांढरे ठिपके, पावसाचे थेंब पडून सुकल्यासारखे. वयाचे असतील. उजव्या हाताला एक चीर आहे, ती भरत नाही. "पाना धरून धरून झालंय," म्हणतात. जेवण कमी झालंय, पण मामी कसली ऐकते! त्यांच्यासाठी वेगळं पाणी उकळते. पातेलं अर्ध्यावर येईपर्यंत. "जितकं आटेल तितकं शुद्ध," म्हणते, आणि तेच त्यांना दिवसभर देते. आम्ही साधंच पितो. मामी माणसाची सेवा करते ती बघायला तू इथे हवीस.

आता माझं ऐक. रविवारी सुईला बघायला लोक आले होते. मी समोरच्या कठड्यावर बसून सगळं पाहिलं. आले तेव्हा हसत आले, चहा आत गेला, आणि थोड्या वेळात कप तसेच ठेवून बाहेर पडले. तिचा बाप मागे मागे गेला कोपऱ्यापर्यंत, ते वळूनही बघेनात. ताई, खोटं कशाला बोलू, मला इतका आनंद झाला की मी शिटी मारली. तिने दारातून माझ्याकडे बघितलं. त्यानंतर ती माझ्याशी 'तिथे ठेव'सुद्धा बोलत नाही.

बायकांच्या मनाचं काही कळत नाही बुवा.

तडतड्या


६ फेब्रुवारी

तडतड्या,

बायकांच्या मनाचं राहू दे, तुला तळहाताचंही कळत नाही.

बस. पाणी पिऊ नकोस. शब्दशः सांगतेय. हे पत्र वाचून होईपर्यंत अंगणातल्या हापशाचं पाणी पिऊ नकोस आणि वाचून झाल्यावरही पिऊ नकोस.

माझ्या वॉर्डात एक कुटुंब आहे. बाप, दोन सुना, एक मुलगा. चौघांच्याही तळहाताला दाणे, छातीवर ठिपके. बापाच्या बोटाची न भरणारी चीर तपासली तर कॅन्सर निघाला. ते सगळे एकाच बोअरचं पाणी पितात. नितळ, थंड, गोड. त्यात आर्सेनिक आहे. जुनी माणसं सोमल म्हणतात ते. कुणी टाकलेलं नाही, कारखाना नाही, काही नाही. जमिनीखालच्या खडकातच असतं आणि पाण्यात उतरतं. वास नाही, चव नाही, रंग नाही. एका बोअरला असतं आणि हाकेच्या अंतरावरच्या दुसऱ्याला नसतं. एका पेल्याने काही होत नाही म्हणून तर माणूस फसतो. वर्षानुवर्षं थेंब थेंब साठतं, आधी कातडीवर दिसतं, मग मूत्राशय, फुप्फुस, कुठेही.

त्या म्हाताऱ्याने मला सांगितलं, त्यांच्याकडे तपासणीवाले येऊन गेले होते आणि वाईट हापशांची तोटी लाल रंगवून गेले होते. भडक लाल. नुसती तोटी आणि डोकं.

कळलं? तो प्रायमर नाही.

आईला सांग, उकळून सोमल जात नाही. पाणी उडून जातं, सोमल पातेल्यात राहतो. अर्धं आटवलं की तेवढ्याच पेल्यात दुप्पट. माझ्या आईने माझ्या बाबांना सगळ्यांपेक्षा जास्त दिलंय, प्रेमाने, पातेल्यासमोर उभं राहून. हे तिला कसं सांगायचं ते मला माहीत नाही. दुप्पटचं सांगू नकोस. नुसतं सांग की ताईने बंद करायला सांगितलंय.

आणि तुझी सुई. ती तुझ्यावर रुसलेली नाही, मूर्खा. ती हात लपवतेय. ते लोक चहा टाकून का गेले असतील याचा विचार कर, आणि तू कठड्यावर बसून शिटी मारलीस त्याचाही. हे स्पर्शाने पसरत नाही. तिच्या हातून घेतलेल्या रिळाने कुणाला काही होत नाही. हे तिला कुणीतरी सांगायला हवं. तू नको. तुझ्या तोंडून ते भाषण होईल.

प्रत्येक हापशाचं पाणी स्वच्छ बाटलीत भरून, बाटलीवर जागा लिहून, बसच्या ड्रायव्हरकाकांबरोबर पाठव. इथल्या प्रयोगशाळेत एक ओळखीची आहे. निकाल येईपर्यंत कुठे जाऊ नकोस, कुणाशी भांडू नकोस.

ताई


१२ फेब्रुवारी

ताई,

बाटल्या पाठवल्यात. भांडलो. आधी तेच सांगतो म्हणजे तुझं ओरडून होईल.

पाणी खात्याच्या कचेरीत गेलो. पंख्याखाली एक साहेब पेपराची घडी करून कोडं सोडवत होते. म्हटलं, "आमच्या वस्तीतले हापसे लाल का रंगवले होते?" न बघता म्हणाले, "दूषित असतील." असतील! मी म्हटलं, "मग पुढे काय केलंत?" म्हणाले, "रंगवले ना." "आणि लोकांना पाणी?" "अहो, ही निसर्गनिर्मित बाब आहे. खडकावर कारवाई करता येत नाही." वर हसले. मी म्हटलं, "लाल रंग गेलाय, हे कुणी येऊन पाहिलं का?" म्हणाले, "आमचं काम चिन्हांकन. ते पूर्ण झालेलं आहे." चिन्हांकन! माणसं हातापायाने सडतायत आणि यांचं चिन्हांकन पूर्ण झालंय! मी त्यांच्या टेबलावर हात आपटला. शिपायाने मला दंडाला धरून बाहेर काढलं. जाताना तोच हळूच म्हणाला, "आमच्याकडे बाटलीचं पाणी येतं." कचेरीच्या आवारातही हापसा आहे आणि एकही जण त्याचं पाणी पीत नाही.

निसर्ग म्हणे. ठीक आहे, सोमल निसर्गाने घातला. पण लाल रंग निसर्गाने झाकला का?

तो कुणी झाकला, ते मामीने सांगितलं. पाणी आटवू नकोस म्हटल्यावर ती आधी चिडली, मग पातेलं हातात घेऊन ओट्याशीच बसली. तू तेव्हा शिकायला बाहेर होतीस, मी आमच्या घरी. तपासणीवाल्यांनी सकाळी रंग दिला, कुणालाही काही नीट न सांगता, एक कागद चिकटवून निघून गेले. संध्याकाळपर्यंत गल्लीत बोभाटा, की पहिला पेलावाल्याच्या पाण्यात विष आहे. मामा उठले. एकेका लाल हापशाशी गेले, पेला भरला आणि सगळ्यांदेखत प्यायले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, ताई! मग हिरव्या रंगाचा डबा आणून स्वतःच्या हाताने रंगवून टाकले. मामी म्हणते, "त्या दिवशी मला त्यांचा इतका अभिमान वाटला होता."

तुझे बाबा काही चोर नाहीत. त्यांना खरंच वाटलं होतं की आपल्या पाण्याचा अपमान झालाय. पण मला मग 'प्रायमर' का सांगितलं? त्याअर्थी कुठेतरी आत माहीत आहे. मी रोज त्यांच्या शेजारी बसून जेवतो आणि विचारत नाही.

सुईच्या दुकानावरून जातो, पण खाली मान घालून.

तडतड्या


२५ फेब्रुवारी

तडतड्या,

निकाल आले. ज्यांच्या हिरव्याखाली लाल निघाला ते सगळे हापसे वाईट आहेत. मर्यादेच्या कितीतरी पट. सगळ्यात वाईट मागच्या गल्लीतला, आणि त्याच्या खालोखाल आपल्या अंगणातला. गिरणीसमोरचा आणि बेकरीमागचा नवा, दोन्ही चांगले. शाळेजवळचा पिण्याला नको. अंग धुवायला, कपड्यांना कुठलंही पाणी चालतं, पिण्या-स्वयंपाकालाच नको. हे लोकांना आधी सांगायचं, नाहीतर घाबरून कामधंदा सोडतील.

आता शांतपणे वाच. हे तू सांगायचं नाहीस. मीही नाही. बाबांनी सांगायचं. त्यांनी पेला प्यायला म्हणून लोक पितात, त्यांनी खाली ठेवला तरच ठेवतील. तू सांगितलंस तर कॉलेज सोडलेल्या भाच्याने मामाचा धंदा बुडवला, एवढंच होईल.

मी पुढच्या आठवड्यात रजा काढून येते. बाबांशी मी बोलते. त्यांच्या हाताच्या चिरेचा तुकडा तपासायला द्यायला हवा, लांबवून चालणार नाही. लवकर सापडलं तर कापून काढता येतं, आणि पाणी बदललं तर पुढचं थांबतं. निदान नवं विष तरी साठत नाही.

तोपर्यंत ब्रशला हात लावू नकोस. माझी शपथ असं लिहीत नाही, तू शपथांना भीक घालत नाहीस. नुसतं सांगते.

ताई


३ मार्च

ताई,

हात लावला.

तुझं पत्र वाचून मी बाहेर आलो तर मागच्या गल्लीतल्या हापशाशी एक बाई तान्ह्या पोराचं दूध कालवायला पाणी भरत होती. मी म्हटलं, "काकू, गिरणीसमोरून भरा." म्हणाल्या, "एवढ्या लांब कोण जातंय? आणि हा तर तुझ्या मामाचाच ना!" माझं डोकं फिरलं. सरळ रंगाच्या दुकानात गेलो, लाल डबा घेतला आणि भर दुपारी रंगवत सुटलो. मागची गल्ली, शाळा, गिरणीच्या मागचा. वर ओरडत. काय ओरडलो ते विचारू नकोस, त्या साहेबांची आई पण त्यात आली असावी.

मला वाटलं लोक पाया पडतील. लोकांनी काठ्या काढल्या. "आमची गल्ली बदनाम करतोस? उद्या आमच्या पोरी कुणी करेल का?" एकाने डब्यातला अर्धा रंग माझ्या अंगावर ओतला. कान अजून लाल आहे.

आणि सुई आली. बाह्या वर करून आली, पहिल्यांदाच. हात माझ्या तोंडासमोर धरले. तळव्यावर बारीक बारीक खडे उगवल्यासारखे. म्हणाली, "मी हे वर्षभर झाकलं. घरच्यांपासून झाकलं. तू ते तोटीवर रंगवून चौकात उभं केलंस. शिटीपण वाजव ना आता!"

मी ब्रश खाली ठेवला.

काल कचेरीतून कागद आला. इतक्या वर्षांत या वस्तीला पाणी खात्याचं आलेलं पहिलं पत्र. 'सार्वजनिक मालमत्तेचे विद्रूपीकरण केल्याबद्दल खुलासा करावा.' माझ्या नावाने. हिरवा रंग लागला तेव्हा हे विद्रूपीकरण कुणाला दिसलं नाही. विष लपवलं तर मालमत्ता, दाखवलं तर विद्रूप!

मामा माझ्याशी बोलत नाहीत. एकच वाक्य बोलले: "माझ्या नावावर थुंकलास."

लवकर ये.

तडतड्या


६ मार्च

तडतड्या,

येतेय. शनिवारी. ओरडणार नाही, तुला वस्तीने पुरेसं रंगवलंय.

एकच विचारते, आणि याचं उत्तर लिहू नकोस, नुसतं स्वतःला दे. सगळीकडे रंगवलंस. अंगणातला आपला हापसा का सोडलास?

ताई


२ एप्रिल

ताई,

तू त्या दिवशी बाबांशी भांडून, डोळे पुसत बसमध्ये चढलीस, त्यानंतर फोनवर हे सांगायला जमलं नसतं. म्हणून परत कागद.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: भीती. बाकी सगळ्यांशी भांडता येतं. ज्याच्या ताटात जेवतो त्याच्या अंगणात ब्रश घेऊन उभं राहायला जी छाती लागते, ती माझ्याकडे नव्हती. माझा सगळा तडतडाट परक्यांसाठी आहे.

तू गेल्यावर मामा दोन-तीन दिवस ओसरीत बसून होते. तू ठेवलेला तपासणीचा कागद त्यांनी पाटाखाली सारून दिला होता. मामी गिरणीसमोरून घागर आणायची, ते तिच्यासमोर मुद्दाम अंगणातलं प्यायचे. पेला उन्हात धरून. मला इतका संताप यायचा की मी बाहेर जाऊन दगड लाथाडायचो. पाणी विषारी करणाऱ्या खडकाचा राग धरता येत नाही, साहेबाचा धरला तर तो नोटीस काढतो, आणि घरातला माणूस स्वतःच्या हाताने रोज पितोय, त्याचं काय करायचं, सांग!

मग सुई आली. माझ्याकडे नाही, मामांकडे. फाटकातून सरळ ओसरीत. मामा म्हणाले, "भाच्याची तक्रार घेऊन आलीस ना? कर. मीच त्याला हाकलतोय."

ती म्हणाली, "काका, तुमचा हात दाखवा."

"कशाला?"

"दाखवा तर. मी काय ज्योतिष बघणार नाही."

मामांनी हात पुढे केला. तिने आपला शेजारी ठेवला. ताई, तू बघायला हवं होतंस. एक म्हाताऱ्याचा जाडजूड पंजा आणि एक पोरीचा हात, आणि दोन्हींवर तेच दाणे, तेच खडे, त्याच जागी. जणू एकाच माणसाचे दोन हात.

मामा म्हणाले, "हे पाना धरून होतं. आयुष्यभर पाना धरलाय मी."

ती म्हणाली, "मी पाना धरत नाही, काका. मी सुई धरते."

बस्स, एवढंच. भाषण नाही, रडणं नाही. मामा बघत राहिले. एकदा स्वतःच्या हाताकडे, एकदा तिच्या. तिचा हात त्यांनी उलटा केला, सुलटा केला, अंगठ्याने दाणे चाचपले, जशी पाइपाची आटी चाचपतात. मग विचारलं, "कुठलं पाणी?"

"तुम्हीच मारलेलं. मागच्या गल्लीतलं. माझा जन्म झाला त्या वर्षी. पहिला पेला तुम्ही प्यायला होतात, दुसरा माझ्या आईने."

मामा उठून आत गेले. ते जेवले नाहीत.

सकाळी मी उठलो तर मामा अंगणात खाली बसलेले. माझा उरलेला लाल डबा. तारेच्या ब्रशने आधी हिरवा घासत होते, पण हाताची ती चीर उघडली होती आणि ब्रश सारखा निसटत होता. मी पुढे झालो तर म्हणाले, "लांब हो. हा मी झाकला होता." शेवटी घासणं सोडून त्यांनी तसाच वरून लाल दिला. ताई, उभ्या आयुष्यात त्यांनी इतका वाईट रंग दिला नसेल. ओघळ खाली ओट्यापर्यंत आले. पक्का कारागीर, आणि ओघळ पुसायलाही थांबला नाही.

सुई कामाला जाता जाता फाटकाशी थांबली होती. मामांना दुसरा ब्रश हवा होता, मी तो धुऊन आणला, तर तिने हात पुढे केला आणि माझ्या हातातूनच घेतला. 'तिथे ठेव' म्हणाली नाही. मी काही बोलणार होतो, तिने डोळे मोठे केले. गप्प बसलो. तुला माझा अभिमान वाटायला हरकत नाही.

पुढचं थोडक्यात. परवा एका नव्या घरी बोअर लागला. घरच्यांनी पेला आणला. मामांनी तो घेतला, उन्हात धरला, आणि ओट्यावर पालथा घातला. म्हणाले, "आधी बाटली तपासायला जाईल. मग प्या." घरमालक चिडला, "मग तुम्हाला कशाला बोलावलं? तो नवा तर लगेच हमी देतो!" मामा म्हणाले, "त्याला बोलवा. मी माझी हमी पिऊन बसलोय." पुढचं काम गेलं. मामीने ते आटवायचं पातेलं कोळसे ठेवायला घेतलंय.

सोमवारी नोटिशीचा खुलासा द्यायला जायचंय. मामा येतायत. म्हणतात, "आधीचा लाल झाकणारा मी. माझ्या नावाने कागद काढा, आणि मी झाकला तेव्हा तुम्ही कुठे होतात तेही त्याच कागदावर लिहा." मागच्या गल्लीतले पण येणार म्हणतायत, ज्याने माझ्यावर रंग ओतला तोसुद्धा. त्याच्या बायकोच्या पायाला दाणे निघालेत. तिथून मामा थेट तुझ्याकडे येणाऱ्या बसला. चीर दाखवायला. पिशवी मामीने भरून ठेवलीये, तुझ्या बाबांना पत्ता नाही असं तिला वाटतं. त्यांना आहे. त्यांनी तिच्या नकळत वर टॉवेल ठेवलाय.

आणि शेवटची गोष्ट, ती सांगायलाच खरं तर हे सगळं लिहिलं.

मामा रंग देऊन हात पुसत होते तेव्हा शेजारचे काका कुंपणावरून डोकावले. म्हणाले, "वा, पहिला पेला! झाला का प्रायमर? वर हिरवा कधी?"

मामा ब्रश रॉकेलमध्ये बुडवत म्हणाले, "यावर आता काही लावायचं नाही."

तुझा,
तडतड्या